पाचव्या मात्रेवरचा ढोल

आमचं पथक पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो. "तुमचा तो मोठा ढोलवाला मागे का पडतो हो?" विसर्जनाच्या मिरवणुकीत, क्रिकेटच्या मैदानावर, रत्नागिरीतल्या एका वरातीत, सगळीकडे हेच. लोक टाळीने ठेका धरायला बघतात. टाळी पडते तेव्हा ढोल गप्प, आणि हात सुटले की ढोल घुमतो. मोठी माणसं दोन-चार आवर्तनांत नाद सोडतात. पोरं मात्र कुणी न सांगता नाचायला लागलेली असतात.

तात्या मागे पडत नाहीत. ते त्यांच्या जागेवर अगदी चोख असतात. आम्ही वाजवतो तो सांबा, ब्राझीलचा, आणि तात्यांच्या गळ्यात असतो तो सुर्दू. पूर्णगडच्या खाडीवरच्या आमच्या वाडीत हे पथक कसं उभं राहिलं ते सांगायचंच आहे, पण त्याआधी तो एक ठोका नीट समजावून द्यायला हवा. बाकीची सगळी वाद्यं त्याच्यावर उभी आहेत.

भजनात किंवा तबल्यावर केहरवा ऐकलेल्या माणसाला हे लगेच कळेल. आठ मात्रा : धा गे ना ती, न क धी न. पहिल्या 'धा'वर, म्हणजे समेवर, डग्गा बोलतो, आपली मान तिथेच खाली येते. पाचव्या मात्रेवर काल, म्हणजे तालातली रिकामी जागा. तिथे डग्गा थांबतो, नुसता 'न' वाजतो, ताल क्षणभर हलका होतो. आता हाच केहरवा जलद करा आणि त्यावर सांबा ठेवा. पहिल्या मात्रेला मोठा सुर्दू वाजवणाऱ्याचा डावा तळवा चामड्यावर दाबलेला असतो, म्हणजे आधीचा नाद शिल्लक असेल तोही बंद. पाचव्या मात्रेला तळवा उचलायचा आणि मऊ गोळ्याच्या दांडीने मोकळा ठोका द्यायचा. आपण जिथे वजन काढून घेतो, नेमकं तिथे ते सगळं वजन टाकतात. पहिल्या मात्रेवर दुसरा सुर्दू असतो, जरा वरच्या सुराचा, तो मोठ्याला उत्तर देत राहतो. तिसरा सगळ्यांत लहान. त्याला ठरलेली एक जागा नाही, तो या दोघांच्या मधून ताल कापत जातो.

खरं वाटत नसेल तर आत्ता करून बघा. तोंडाने केहरवा म्हणत राहा आणि मांडीवर मूठ फक्त पाचव्या मात्रेला आपटा. थोड्या वेळाने मूठ आपोआप पहिल्या मात्रेकडे सरकायला लागेल. लहानपणापासूनच्या आरत्या, भजनं, शिमग्याचे ढोल असे सगळे तिला तिकडे ओढतात.

तात्यांना तर जास्तच ओढत होते. आमच्या पंचक्रोशीतल्या भजनांना गेली चाळीसेक वर्षं पखवाजावर तेच बसतात. मी सुर्दू त्यांच्या पडवीत नेऊन ठेवला आणि चाल वाजवून दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "समेवर गप ऱ्हायचं आणि कालीवर मारायचं? आरं, ह्या तर भजन मोडायचं काम." पण वाद्य त्यांनी परत दिलं नाही. त्यांची सून सांगत होती, रात्री जेवणं झाली की पडवीतून एकच ठोका येत राहायचा, मध्येच थांबायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. पुढे एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावून उभं केलं आणि स्वतः जागच्या जागी पावलं टाकायला लागले. डावा पाय समेवर, उजवा पाय पाचव्या मात्रेवर, आणि दांडी उजव्या पायाबरोबर. "सम पायात ठेवायची," ते म्हणाले, "हातात नाय घ्यायची." आमच्या पथकात नवीन येणाऱ्याला मी आजही एवढंच शिकवतो. आधी चालायला लावतो, दांडी नंतर देतो.

मी हा ठोका पहिल्यांदा ऐकला तो सांतोसला. मी जहाजावर फिटर. सांतोस हे ब्राझीलचं मोठं बंदर, साव पाउलो शहराच्या खालच्या किनाऱ्यावरचं, आणि आमचं जहाज तिथे साखर भरायला लागलं होतं. साखर भरताना पावसाचे चार थेंब आले तरी हॅच बंद करावे लागतात, आणि त्या किनाऱ्यावर पावसाला कमी नाही. त्यामुळे मुक्काम लांबतो, पाळीपाळीने किनाऱ्यावर जायला मिळतं. खलाशांच्या केंद्राच्या गाडीवरचा ड्रायव्हर एका रात्री आम्हा तिघांना त्याच्या वस्तीतल्या सांबाशाळेच्या तालमीला घेऊन गेला.

शाळा म्हणजे वर्ग भरणारी शाळा नव्हे. ती वस्तीची संस्था असते. कार्निव्हलच्या मिरवणुकीसाठी वर्षभर गाणी, नाच, पोशाख आणि वादन यांची तयारी चालते. वादकांच्या ताफ्याला बातेरिया म्हणतात आणि तो चालवणारा तो मेस्त्री. रिओमधल्या मोठ्या शाळांच्या बातेरियात अडीचशे-तीनशे वादक असतात. तिथल्या मिरवणुकीसाठी ऑस्कार नीमायर यांनी आखलेला, दोन्ही बाजूंना प्रेक्षकांच्या पायऱ्या असलेला सुमारे सातशे मीटरचा खास रस्ता १९८४ साली बांधला. परीक्षक वादनाला वेगळे गुण देतात, आणि दशांशाच्या फरकाने शाळा जिंकतात किंवा हरतात.

मी गेलो ती शाळा एवढी मोठी नव्हती. सिमेंटची जमीन, वर पत्रे, भिंतीवर जुने झेंडे. कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ रबरी चपला घालून मोठा सुर्दू घेऊन उभे होते. इंजिन रूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला आवाज कानाआधी तळपायाला कळतो. मला तो ठोका जमिनीतून आला. मी त्यांच्याजवळ सरकलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझा हात धरून सुर्दूच्या पत्र्यावर ठेवला आणि वाजवणं चालूच ठेवलं. ठोका पडला की पत्रा हाताखाली फुगतो आणि डावा तळवा चामड्यावर टेकला की एकदम मरतो. दोन्ही गोष्टी ठरलेल्या जागी होतात. नाद जिथे सुरू होतो तिथे लक्ष सगळ्यांचंच असतं. नाद कुठे संपवायचा, हेही वाजवणंच आहे, हे मला त्या पत्र्यावर हात ठेवल्यावर कळलं. भाषा एक अक्षर येत नव्हती, पण त्यांनी दांडी माझ्या हातात दिली आणि माझा डावा तळवा स्वतः चामड्यावर दाबत-उचलत राहिले.

पुढच्या फेऱ्यांत मी तिथून वाद्यं आणत गेलो : एक तांबोरीं, एक अगोगो (काठीने वाजवायच्या घंटांची जोडी), एक हेपिनीकी, एक कुईका. सुर्दू आणणं शक्य नव्हतं. जहाजावरून उतरून विमानाने घरी येताना एवढं पिंप कोण चढवू देणार? म्हणून सुर्दू मी घरीच बांधला. पण ते करायची हिंमत मला बिदे यांच्या गोष्टीने दिली.

अल्सिबियादेस बार्सेलोस हे त्यांचं नाव, लोक बिदे म्हणत. पेशाने चप्पलबूट बनवणारे, राहायला रिओच्या एस्तासिओ भागात. १९२८ साली तिथे देशा फालार नावाची मंडळी उभी राहिली आणि तिच्यापासून सांबाशाळांची परंपरा मोजतात. त्याआधीचा सांबा घरात, अंगणात, गोल करून नाचायचा. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली १८८८ साली. त्या सुमाराला बाहिया प्रांतातून पुष्कळ काळी कुटुंबं रिओला आली. त्यांच्यातल्या तिया सियाता यांच्यासारख्या बायांच्या घरांतून हे संगीत जपलं गेलं. पोलीस त्यांच्या मागे असत. जुआंव दा बायाना नावाच्या वादकाचा पांदेइरू, म्हणजे झांजा लावलेला डफ, पोलिसांनी जप्त केला तेव्हा एका सिनेटरने त्याला स्वतःच्या नावाचा मजकूर कोरलेला नवा पांदेइरू दिला, म्हणजे पुन्हा कुणी हात लावणार नाही, असं सांगतात. एस्तासिओच्या पोरांना मात्र सांबा घेऊन रस्त्यातून चालायचं होतं, आणि जुनी चाल चालण्याजोगी नव्हती, असं त्यांच्यातलेच इस्माएल सिल्वा सांगत. मोठ्या घोळक्याला एकत्र पाऊल टाकायला लावणारा खर्जातला आवाज हवा होता. तो बिदे यांनी काढला, आणि त्यासाठी वापरला लोण्याचा मोठा पत्र्याचा डबा. दोन्ही टोकं कापून काढली आणि एका तोंडाला मढवलं. सुर्दूचा जन्म तो.

हे समजल्यावर माझ्यासारख्या फिटरला घरी बसवेल? सुरुवात आम्ही निळ्या पिंपाने केली. दोनशे लिटरचं पिंप आपल्याकडे दर दुसऱ्या घराच्या पागोळीखाली असतं, त्याचा व्यास तेवीस इंचांच्या आसपास भरतो, म्हणजे मोठ्या सुर्दूच्या मापाचा. सरावाला ते छान. आवाज मात्र धप्प येतो आणि तिथेच बसतो. मग मिरजोळे एमआयडीसीत एका ओळखीच्या वर्कशॉपमधून ॲल्युमिनियमचा पत्रा बावीस इंचांच्या गोलात वळवून आणला. जोडावर रिव्हेट, वरच्या-खालच्या कडेला आतून पट्टी, आणि कड घासून घासून गोल केलेली, कारण कडेला धार राहिली तर चामडं पहिल्याच आठवड्यात कापतं. आठ मिलीच्या सळईच्या दोन कड्या वाकवल्या. ताण द्यायचे रॉड मी स्टेनलेसचेच घेतले आणि डायने आटे पाडले. आमच्या हवेत साधं लोखंड एका पावसात गंजून आट्यांना चिकटतं. चामडं बकऱ्याचं, गावचे ढोल मढवतात त्यांच्याचकडून. आवळताना समोरासमोरचे नट घ्यायचे, एका वेळी अर्धाच फेरा, सिलिंडर हेडचे आवळतात तसे. सगळे सारखे बसले की कडेच्या प्रत्येक नटाजवळ बोटाने टिचकी मारून बघायची. सगळीकडे एकच सूर आला पाहिजे. त्या कामाला मी अख्खी दुपार घालवतो आणि ती वाया गेली असं मला कधी वाटत नाही.

तांबोरीं घरी करायला सोपं. सहा इंची पीव्हीसी पाइपचा दोन इंच रुंद काप आणि त्यावर ताणलेला प्लास्टिकचा पडदा, की वाद्य तयार. त्याला घुंगरू नाहीत, झांज नाही. हातात धरायचं आणि लवचीक काड्यांच्या जुडीने वाजवायचं. त्या जुडीसाठी इथे काय वापरावं याचा पुष्कळ विचार केला, आणि उत्तर निघालं काजूच्या बागेत. ग्रास कटरला लावतात ती जाड नायलॉनची दोरी. हातभराच्या आत तुकडे करायचे, गरम पाण्यात धरून सरळ करायचे, मुठीकडे घट्ट बांधायचे. सपकन वाजतं. खरी कसरत मनगटांची. तांबोरीं धरलेला हात प्रत्येक आवर्तनात उलटा फिरतो आणि जुडी खालून त्याला गाठते. बातेरियात तीस-चाळीस तांबोरीं एका क्षणी फिरताना बघणं हे माझ्या मते सांब्यातलं सगळ्यांत देखणं दृश्य आहे. आमच्याकडे पाच आहेत. पाच एकत्र फिरले तरी माझ्या अंगावर काटा येतो.

काइशा म्हणजे तारा लावलेला आडवा ढोल, ताशाच्या घराण्यातला. तो ताशेवाल्या पोरांनी लगेच उचलला. त्यांचे हात तयार होते, पण ताशेवाल्याला दर चौथ्या आवर्तनाला काहीतरी नवीन भरायची सवय असते, आणि काइशाला तेच एक चलन दहा-दहा मिनिटं न हलता धरावं लागतं. शिवाय त्या चलनातले चार ठोके घड्याळाच्या मापाने समान नसतात. मधले जरा दाटून येतात, शेवटचा किंचित लांबतो. ही लचक लिहून दाखवता येत नाही. आमच्या पोरांनी ती बायांच्या पायांवरून उचलली. शोकाल्यू वाजवणाऱ्या सुलभावहिनी चालताना जसं पाऊल टाकतात त्याच्याकडे बघत बसायला मी त्यांना सांगितलं, आणि महिन्याभरात काइशा गायला लागला.

शोकाल्यू हे बायांनी स्वतःच्या ताब्यात घेतलेलं वाद्य. लाकडी चौकटीत तारा, तारांवर पत्र्याच्या चकत्या. आम्ही बाटल्यांची बुचं ठोकून सपाट केली आणि भोकं पाडून ओवली. छातीच्या उंचीवर दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवायचं. पाच मिनिटांत दंड भरून येतात, म्हणून ब्राझीलमध्येही ते गाण्याच्या ठरावीक भागातच वाजतं. आमच्या महिला मंडळाच्या चौघी अख्खं विसर्जन वाजवतात. फुगडीत पाय न चुकणाऱ्या बाया आहेत त्या. पथकात त्यांची रांग सगळ्यांत पुढे असते आणि ती तशीच राहील, यावर मी अडून बसलो आहे. मध्यंतरी कुणीतरी सुचवलं की बाया मागे असाव्यात. सांब्यात लहान, बारीक आवाजाची वाद्यं पुढे असतात म्हणून त्या पुढे, आणि त्या वाजवतात म्हणूनही पुढे.

कुईकाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बाहेरून लहानशा ढोलासारखी दिसते, पण वाजवायचं आतून. चामड्याच्या मध्याला आतल्या बाजूने बांबूची बारीक काडी बांधलेली असते. ओलं फडकं घेऊन हात आत घालायचा आणि ती काडी चिमटीत धरून घासायची. दुसऱ्या हाताचं बोट बाहेरून चामड्यावर दाबलं की आवाज चढतो, सोडलं की उतरतो. हसणं, हुंदका, हाक, सगळं तिच्यातून निघतं. हे वाद्य आफ्रिकेतून, अंगोलाच्या बाजूने आलेल्या माणसांबरोबर ब्राझीलला पोचलं. आमच्याकडे ते बाबल्याने घेतलं. तो त्याच्या बापाबरोबर होडीवर जातो, जाळ्याची दोरी ओढून त्याच्या बोटांना घट्टे पडलेत, आणि त्या बोटांना काडीवर किती जोर द्यायचा हे इतकं अचूक कळतं की मी त्याला काहीच शिकवलेलं नाही. फडकं किती ओलं हवं, हेही त्याने स्वतःच शोधलं. पिळून, पण कोरडं नाही. वाळलं की काडी किंचाळते, जास्त ओलं झालं की घसरते.

आमच्या खऱ्या तालमी पावसात होतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, लावणी आटपली की माणसं मोकळी. समाजमंदिरात रोज रात्री दोन तास. पण पावसात बकऱ्याचं चामडं ओल धरतं आणि सूर ढासळतो. रिओतही कार्निव्हल येतो तो त्यांच्या उन्हाळी पावसात. जुने वादक वर्तमानपत्राची रद्दी पेटवून त्या आचेवर वाद्यं शेकत. आता तिथे बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचे पडदे आले. आम्ही दुसऱ्या सुर्दूला प्लास्टिक लावलं आहे, मोठ्याला नाही. तात्या तो चुलीपाशी नेऊन, लांबूनच, फिरवत शेकतात, आणि त्यानंतरचा तासभर जो आवाज येतो त्याची सर प्लास्टिकला नाही.

कार्निव्हलच्या तारखेवरून आठवलं. ती ईस्टरवरून ठरते आणि ईस्टर पौर्णिमेवरून, त्यामुळे कार्निव्हल अमावास्येच्या आसपास पडतो, आणि पुष्कळ वर्षी महाशिवरात्रीला लागूनच. २०१५ साली तर कार्निव्हलचा मंगळवार आणि महाशिवरात्र एकाच दिवशी होती, १७ फेब्रुवारीला. म्हणजे तिथला धुमधडाका संपतो आणि पंधरा दिवसांत आमचा शिमगा. हे जुळून आल्यामुळे पहिल्या वर्षी काहींनी आग्रह धरला की पालखीपुढे सांबाच वाजवू. मी नको म्हटलं, तात्याही नको म्हणाले. पालखीपुढचा ढोल हा मानाचा आहे, तो कुणी वाजवायचा आणि कोणत्या ठिकाणी कोणती चाल लावायची हे ठरलेलं आहे. पालखी खांद्यावर नाचते ती त्या चालींवर. तिथे दुसरं काही घुसवायचं नसतं. सांब्याची शाळाही तिच्या वस्तीची असते आणि आपल्या चालीबद्दल इतकीच कडक असते. रिओतल्या मांगेइरा या शाळेचं उदाहरण घ्या. ती १९२८ सालची. तिच्या बातेरियात उत्तर देणारा दुसरा सुर्दू नसतोच. पहिली मात्रा रिकामी, पाचव्या मात्रेवर मोठा सुर्दू, आणि त्या रिकाम्या जागेवरून माणसं लांबून ओळखतात की मांगेइरा येत्येय. तात्यांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ दांडी हातात धरून विचार करत होते. त्यानंतर तालमीत कधीकधी ते दुसऱ्या सुर्दूवाल्याला थांबवतात आणि एकटेच वाजवतात.

लयीवरून आमच्यात अजून वाद आहेत. पोरांना भरधाव हवं असतं. रिओतही गेल्या काही दशकांत बातेरियांची लय वाढत गेली आणि जुनी माणसं त्यावर नाराज आहेत. माझं मत स्पष्ट आहे. ज्या लयीत मोठ्या सुर्दूचा नाद पूर्ण उमलून मग तळव्याखाली बंद करता येतो, त्याच्या पुढे जायचं नाही. त्यापुढे नुसता दणदणाट उरतो, आणि तो ऐकायला डीजे आहेच.

एका गोष्टीवर मात्र वाद नाही, ती म्हणजे आमची तिहाई, एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं. सांब्यात सगळी बातेरिया मध्येच थांबवायची एक पद्धत आहे. ती १९५९ साली मोसिदादे या शाळेच्या मेस्त्री आंद्रे यांनी सुरू केली असं मानतात. शाळा गात राहते, वाद्यं गप्प होतात, आणि मग हेपिनीकीची हाक येते. हेपिनीकी हे उंच आवाजाचं वाद्य, एका हातात काठी, दुसरा हात उघडा. मेस्त्रीचा निरोप बाकीच्यांना तेच देतं. आमच्याकडे हाक मी देतो. तात्यांनी विचारलं, थांबायचंच आहे तर तिहाईने का थांबू नये? तिरकिट धा, तिरकिट धा, तिरकिट धा. आता तिहाई येऊन पडते समेवर. शेवटच्या 'धा'ला हेपिनीकी, काइशा, तांबोरीं सगळी एकत्र आदळतात आणि सगळे हात जागच्या जागी थबकतात. ऐकणाऱ्याला वाटतं, संपलं. पण मोठा सुर्दू अजून आलेलाच नसतो. त्याची जागा पाचवी. अर्ध्या सेकंदाचीही नसेल ती मधली पोकळी. तात्यांचा डावा पाय समेवर टेकलेला, उजवा उचललेला, दांडी वर. आणि मग उजवा पाय आणि दांडी एकदम खाली येतात. गेल्या गणपतीत खाडीवर हे पहिल्यांदा जमलं तेव्हा धक्क्यावरच्या गर्दीतून आपोआप एक हुंकार निघाला, आणि मला दिसलं की या खेपेला लोकांचे हात सुर्दूबरोबरच टाळीला आले होते. एकदा ती पोकळी ऐकली की पाचवी मात्रा कुणाला शिकवावी लागत नाही. आता कुठेही नवीन ठिकाणी वाजवायला गेलो की आम्ही सुरुवातच तिहाईने करतो.

सध्या काम चाललंय ते तिसऱ्या सुर्दूचं. अठरा इंची. पत्रा वळवून आला आहे, कड्या वाकवून झाल्या, रॉडना आटे पाडायचे बाकी. वाजवणार जयू, आणि तो चाकरमानी, विरारला राहतो. बिल्डिंगमध्ये वाजवता येत नाही म्हणून उशीवर दांडीने सराव करतो आणि रात्री फोनवर रेकॉर्डिंग पाठवतो. उशीच्या आवाजातूनही त्याचे आडवे ठोके कुठे पडताहेत ते नीट कळतं. दोन जागी तो अजून तात्यांच्या ठोक्यावर चढतो, तिथे त्याला मोकळं सोडायला सांगितलं आहे. गणपतीच्या तीन दिवस आधीचं तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट त्याला मिळालंय. सामान घरी टाकून थेट समाजमंदिरात ये, असं तात्यांनी त्याला कळवलं आहे.